टाक की, मालोजण्णा!

सकाळी सातला दत्तू शिंदेचा फोन आला. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात त्याचं दोरखंडाचं दुकान आहे आणि एरवी तो अर्ध्या तासाच्या आत फोन ठेवत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, “गेला रे मालोजण्णा. झोपेतच. शेवटपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही म्हणजे नाहीच.” मालोजीराव कदम, बास्केटबॉल खेळाडू. मृत्युलेख लिहायचा म्हणून दुपारी मी जुनी कात्रणं काढली. या शहरातल्या सामन्यांच्या बातम्या कित्येक वर्षं मीच लिहीत होतो. त्यांत मालोजण्णांचं नाव संघाच्या यादीत सापडलं. त्यापलीकडे कुठेही नाही. चार ओळींच्या बातमीत जास्त गुण करणाऱ्यांची नावं देण्याची पद्धत होती, आणि स्कोअरशीटवर फक्त गुण आणि फाउल लिहिले जात. पास कुणी दिला, याला रकानाच नव्हता.

मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यानं त्यांना खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलं होतं. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर सराव. दर रविवारी नजरबादच्या कोर्टावर सामना असे. आम्ही दहा-बारा जण सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. सगळी जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांची पतवंडं, आपला माणूस बघायला आलेली. आणि आपला माणूस आमचा जीव खायचा. उंची बेताची, पण चेंडू हातात आला की समोरच्या दोघांना कुठं पाठवायचं हे त्यांना आधीच ठाऊक असे. रिंगखाली पोहोचायचे, समोर कुणी नाही, हात वर करायचा अवकाश... आणि त्याच क्षणी मान न वळवता चेंडू मागे, संघातल्या फ्रान्सिसच्या हातात. फ्रान्सिस बास्केट करायचा आणि टाळ्या घ्यायचा. “अय्यो, टाक की, मालोजण्णा! कुणाची परवानगी पाहिजे?” दत्तू किंचाळायचा. सामना संपल्यावर टॉवेलनं मान पुसत मालोजण्णांचं ठरलेलं उत्तर यायचं, “तो मोकळा होता.” या तीन शब्दांचा राग यावा इतक्या वेळा आम्ही ते ऐकले.

एका वर्षी राज्य संघाच्या निवडीसाठी निवड समिती येणार होती. मालोजण्णांचं ते शेवटचं वर्ष; पुढच्या हंगामापासून कारखाना त्यांना कायमचं स्टोअर्समध्ये बसवणार होता. दत्तूनं बेत रचला. चेंडू त्यांच्या हातात आला की सगळ्यांनी एकदम ओरडायचं, “टाक, मालोजण्णा!” मराठीतच ओरडायचं, कारण समोरचा संघ बेंगळुरूचा, त्यांना मराठी कळणार नाही. बेत सगळ्यांना पटला. मलाही पटला. त्या दुपारी आमचे घसे बसले आणि मालोजण्णांनी एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही. प्रत्येक वेळी पास, प्रत्येक वेळी फ्रान्सिस. निवड फ्रान्सिसची झाली. दत्तू चार महिने मालोजण्णांशी बोलला नाही, आणि बोलू लागल्यावर दुसरं काही बोलला नाही. लग्न असो, बारसं असो, पंगतीत त्यांच्या शेजारी बसून विचारायचा, “काय रे, भाजी तरी स्वतः खाणार, की पलीकडे देणार?” मालोजण्णा हसायचे आणि जेवायचे. तीस वर्षं हे चाललं.

तेराव्याच्या जेवणानंतर त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, दत्तूनं त्या निवडीच्या सामन्याची गोष्ट पुन्हा काढली. सरस्वतीवहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता. मला म्हणाल्या, “नातू विचारतो, आजोबा खरंच खेळायचे का, की सुम्ने, नुसते नावाला संघात होते? त्यानं सगळं धुंडाळलं, एक ओळ नाही. तुम्ही पेपरवाले. खरं काय ते सांगा.” मी उत्तर जुळवू लागलो. तेवढ्यात कोपऱ्यातून, काठीवर हनुवटी टेकून बसलेला फ्रान्सिस कन्नडमध्ये बोलला.

“त्या दिवशी मी नाही खेळलो, दत्तू, तो खेळला. तुम्ही ओरडलात की समोरचे तिघं त्याच्या अंगावर धावायचे. मराठी येत नव्हती त्यांना, डोळे तर होते? सगळ्या पायऱ्या एका माणसाचं नाव घेतात, म्हणजे चेंडू कोण टाकणार हे सांगायला दुभाषी लागतो का? मी रिंगखाली एकटा. माझ्या आजीनंही बास्केट केली असती.”

मग दत्तू म्हणाला, “आणि हे तू आज सांगतोस?”

“त्याच दिवशी सांगणार होतो. त्यानं माझा दंड धरला. म्हणाला, बिडो, जाऊ दे. उन्हात येऊन बसतात बिचारे. कळलं तर पुढच्या रविवारी गप्प बसतील.”

दत्तू उठला, हार घातलेल्या फोटोसमोर गेला आणि खरोखरच खेकसला, “तीस वर्षं शिव्या खाल्ल्यास, एकदा तोंड उघडायला काय झालं होतं तुला?” वहिनींना हसू आलं, डोळे भरलेले असताना. “घरीही तेच, भावजी. मी आणि सासूबाई भांडायचो, आणि दोघींची बोलणी खाऊन हे ड्यूटीला जायचे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे चांगले खेळायचे?” मी म्हणालो, त्या कोर्टावर मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगले. हे मी त्यांच्या हयातीत लिहायला हवं होतं. रकाना नव्हता ही सबब मला आता स्वतःलाच ऐकवत नाही.

गेल्या रविवारी मी आणि दत्तू दोघंच कोर्टावर गेलो. कॉलेजच्या मुलींचा सामना होता. दत्तू पहिला अर्धा वेळ तोंड मिटून बसला होता. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उत्तरार्धात बास्केट झाली, पायऱ्यांवर टाळ्या पडल्या, बास्केट करणारीच्या नावाचा गजर झाला. दत्तूनं शेजारच्या माणसाला विचारलं, “पास कुणी दिला?” त्याला माहीत नव्हतं. पुढच्या ओळीतल्या बाईंना विचारलं. त्यांनाही नाही. मग मला विचारलं. मी बास्केटकडे बघत होतो.

“शाबास,” दत्तू म्हणाला. सामना संपेपर्यंत तो थांबला, आणि मग गुडघे सांभाळत, एकेक पायरी उतरत, पास देणाऱ्या मुलीचं नाव विचारायला खाली गेला.