सहा नंबरचे तीन जोड

मला एक खोड आहे. एखादी वस्तू नजरेला पडली की विचार करायच्या आधी हात पुढे जातो. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी दोन यंत्रमाग आहेत. माझे वडील, आप्पा, दिवसभर साड्या विणतात आणि मी त्या खडखडाटातच वाढले. आप्पा म्हणायचे, "मागाला बंद करायला बटन तरी हाय. हिच्या हाताला तेबी न्हाय." ते हसत म्हणायचे, म्हणून मीही हसण्यावारी न्यायची.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघी सतत बरोबर असायचो. हजेरीपटात नावं होती, पण आपसांत गावावरूनच हाका. मी वडगाव. दुसरी निपाणी. ती बेळगावात मावशीकडे राहून शिकायची, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. तिसरी कडोली, शेतकऱ्याची मुलगी, रोज बसने ये-जा करायची. कडोलीला दरवर्षी साहित्य संमेलन भरतं. लहानपणापासून मांडवात बसून अध्यक्षांची भाषणं ऐकलीस म्हणूनच तुला अकाउंट्सचा तास सोसतो, असं आम्ही तिला चिडवायचो. ती चिडायची नाही. जरा हसायची आणि वही उघडायची.

त्याच सुमारास कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली होती. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं आणि खिडकी धरून बसायचं. आम्हाला रान मोकळं मिळालं. तास बुडाला की खडे बाजार, दोन तास बुडाले की गावाबाहेर. एकदा सहज म्हणून नंदगडला गेलो आणि येताना मांडीवर अख्खा फणस घेऊन आलो. तो कुणाच्या घरी न्यायचा यावर बेळगाव येईपर्यंत भांडलो. एकदा मी बोलणारा प्लॅस्टिकचा पोपट घेतला. आपण काही बोललो की तो तेच परत म्हणायचा. ऑडिटिंगच्या तासाला तो पिशवीतल्या पिशवीत चालू झाला आणि सरांचं 'सायलेन्स' वर्गाला दोनदा ऐकायला मिळालं. बाजारात भाव मी कानडीत करायची. 'एष्टु री?', केवढ्याला, असं म्हटलं की दुकानदार आपलं माणूस समजून कमी करतो, असा माझा समज होता. निपाणी म्हणायची, "तुला बघूनच तो आधी वाढवून सांगतोय गं येडे."

कडोली कधी काही घ्यायची नाही. आमच्या पिशव्या धरायची. चपलांच्या दुकानात आम्ही शिरलो की ती बाहेर उभी. देवळात गेलो की म्हणायची, "तुम्ही या जाऊन, मी चपला बघते." भर उन्हाळ्यातसुद्धा तिच्या पायात काळे कॅनव्हासचे बूट आणि मोजे असायचे, नाडी करकचून बांधलेली. चालताना ती एका अंगाला किंचित झुलायची. आम्ही तिला पीटी मास्तर म्हणायचो. मला वाटायचं, ही तिची ऐट आहे. दीड वर्ष मी तिच्या शेजारी चालत होते, आणि मला एवढंच वाटलं.

कॉलेजात ट्रॅडिशनल डे जाहीर झाला तेव्हा तिघींनी सारख्या साड्या नेसायचं ठरवलं. आप्पांनी एकाच ताण्यावरच्या तीन साड्या काढून दिल्या, अंजिरी रंगाच्या, हिरव्या काठांच्या. साड्या मैत्रिणींच्या हातात देताना मला काय आनंद झाला होता! कडोली घडीवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती. "आप्पांनी स्वतः विणल्या व्हय?" तिने तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला येताना गणपत गल्लीत कोल्हापुरी चपलांचा ढीग दिसला. झालं! साडीवर बूट घालून ही मास्तरीण कशी दिसेल, असं मनात आलं आणि हात पुढे गेला. माझा नंबर सहा. निपाणीचा सहा. कडोलीचा किती, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सहा नंबरचे तीन जोड घेतले आणि ऐटीत कॉलेजला आले.

लेडीज रूममध्ये बाकावर जोड मांडले. निपाणीने लगेच घालून करकर वाजवत दोन फेऱ्या मारल्या. कडोली म्हणाली, "छान हाईत. मला नकोत, घरात हाईत माझ्याकडं."

"खोटं बोलू नगं. घालून तर बघ," निपाणी म्हणाली.

"नको म्हटलं न्हवं?"

ती बाकावर बसली होती. मी हसत हसत खाली बसले, तिचा डावा बूट धरला, नाडी सोडली आणि ओढला. ती "नको गं, नको" म्हणत होती. मला ते लाडाचं वाटलं. निपाणी हसत होती. आरशासमोर केस विंचरणाऱ्या दोघी-तिघी वळून बघत होत्या.

बूट फार सहज निघाला. त्याबरोबर मोजा निघाला आणि मोज्यातून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा बोळा फरशीवर पडला. तिचा डावा पाय दहा वर्षांच्या मुलीचा असावा एवढा होता. बोटं आत वळलेली. जन्मापासून तसाच होता, हे मला पुढे कळलं.

तिने आधी तो बोळा उचलला. मग माझ्या हातातून बूट घेतला. मोजा चढवला, बोळा नीट बसवला, नाडीची दुहेरी गाठ मारली. "माझी बस हाय," ती म्हणाली. तिची बस चारला असायची आणि तेव्हा साडेअकरा वाजले होते.

चार दिवस ती आली नाही. फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मी कडोलीच्या बसमध्ये बसले. समजूत काढायला म्हणून स्टँडवर कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स घेतला होता. तिच्या आईने मला आत बोलावलं, चहा टाकला, "कॉलेजला सुट्टी हाय म्हणालती की गं ही," असं म्हणाली आणि शेंगांची पिशवी भरून दिली. त्या माउलीला काहीच माहीत नव्हतं.

कडोली मला बसपर्यंत सोडायला आली. मी म्हणाले, "चुकलं गं माझं. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर विचारायचं," ती म्हणाली. "तुझ्या हाताला काय घावंल ते तू घेतीस. फणस घेतलास, पोपट घेतलास. माझा पायबी तसाच घेतलास."

बस आली, मी चढले. कुंद्याचा बॉक्स पिशवीतून बाहेर काढायचीही मला लाज वाटली.

सोमवारपासून ती कॉलेजला येऊ लागली, पण पुढच्या बाकावर, दुसऱ्या मुलींच्यात. नोट्स मागितल्या तर द्यायची. त्यापलीकडे काही नाही. ट्रॅडिशनल डेला ती आलीच नाही. आम्ही दोघी अंजिरी साड्यांत वेड्यासारख्या उभ्या राहिलो आणि फोटो न काढताच घरी गेलो. दोन दिवसांनी निपाणीने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी आणून दिली. कडोलीने परत पाठवली होती. घडीसुद्धा मोडली नव्हती.

आप्पांनी विचारलं, "आवडली न्हाय व्हय तिला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आप्पा दिवसा माग कधी बंद करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बटन दाबलं. घर एवढं शांत झालं की शेजारच्या घरातला खडखडाट ऐकू यायला लागला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "ठेव ती कपाटात. दुसऱ्या कुणाला दिऊ नगं. तिचीच हाय ती." मग त्यांनी पुन्हा माग चालू केला, आणि त्या आवाजात मी पोटभर रडून घेतलं.

एवढ्याशा गोष्टीसाठी रडतेस, असं कुणी म्हणेल. पण ती मला हवी होती. माझ्या पिशव्या धरणारी, मला 'बास कर आता' म्हणणारी. तिच्याशिवाय बाजारात जायची इच्छाच होईना. गणपत गल्लीतून जाताना मी खाली मान घालून जायची.

मार्ग निपाणीने काढला, आणि तोही तिच्या पद्धतीने. मधल्या सुट्टीत ती सरळ कडोलीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. "आमच्या गावात एक मामा हाईत. पायताण करत्यात. दोन पायांची दोन मापं घेत्यात, ज्याचा जसा पाय तसं पायताण. माझ्या आज्जीचं त्येच करायचे. तू येणार काय? येणार न्हाय तर न्हाय म्हण, मी परत इचारणार न्हाय."

मी दोन बाक मागे होते. कडोली वहीत बघत राहिली. "सांगते," म्हणाली.

सांगायला तिला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत निपाणीला पन्नासदा तरी विचारावं असं मला वाटलं, पण विचारलं नाही. नवव्या दिवशी निपाणी म्हणाली, "रविवारी जायाचं. तुलाबी यायला सांगितलंय तिनं. पण अट हाय. तू काय बोलायचं न्हाय, आन् काय घ्यायचं न्हाय."

मी मान डोलावली. अट त्याच क्षणी लागू झाली आहे, असंच मी धरलं होतं.

निपाणीच्या गावापर्यंत बसमध्ये त्या दोघी एका बाकड्यावर, मी मागच्या. संकेश्वरला खिडकीशी भाजक्या कणसांची टोपली आली. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. कडोलीने मागे वळून ते बघितलं आणि परत पुढे तोंड केलं.

मामांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. बाहेर तंबाखूच्या वखारींचा उग्र वास, आत कातड्याचा. मामा पोत्यावर बसून रापीने पट्टे कापत होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आधी निपाणीला पुठ्ठ्यावर उभं केलं आणि एकेक पाय पेन्सिलीने आखला. पट्टी लावून म्हणाले, "उजवा दोन सुतांनी, म्हंजे पाव इंच, मोठा हाय."

निपाणी लगेच, "बघ गं! माझंबी येगळं येगळं हाईत."

"दोन सुतं?" कडोली म्हणाली. "दोन सुतं, आन् मला सांगतीस व्हय गं?" आणि हसली. महिन्याभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मीही मोठ्याने हसले, मग अट आठवून तोंड मिटलं.

"आता तुमी," मामा म्हणाले.

ती स्टुलावर बसली. उजवा बूट काढला, मामांनी उजवा पाय आखला. मग तिने डाव्याची नाडी सोडली आणि थांबली. मामांनी हात पुढे केला तसा तिने पाय स्टुलाखाली ओढून घेतला.

मामांनी हात मागे घेतला. "सवडीनं," म्हणाले, आणि पट्टे कापू लागले. तिकडे बघेनात.

निपाणी दारातून रस्ता बघत उभी राहिली. मी भिंतीला टेकून होते. कडोलीने नाडी परत बांधली तर पुन्हा कधीच कुणासमोर सोडणार नाही आणि त्याला कारण मी असेन, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पुढे होऊन काहीतरी बोलावं, तिचा हात धरावा, असं फार वाटत होतं. मी जागची हलले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मामांचे चार पट्टे कापून झाले असतील. तिने बूट काढला. मोजा काढला. बोळा काढून मांडीवर ठेवला. मामांनी पेन्सिल उचलली तेव्हा ती म्हणाली, "मामा, पेन्सिल हिला द्या."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "हिला यील काय?"

"यील."

मी पुठ्ठ्यापाशी खाली बसले. हात पुढे करायचं धाडस होईना. तिने आपणच पाय पुठ्ठ्यावर ठेवला, वाकून माझं मनगट धरलं आणि माझा हात आपल्या पायावर नेऊन ठेवला. बुटात राहून पाय दमट झाला होता. तळव्याच्या कडेला चिंध्यांचे वळ उठले होते.

"घट धर," ती म्हणाली. "न्हायतर माप चुकंल."

मी धरला. टाचेपासून सुरुवात केली. करंगळीपाशी आले तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याने मला रेघच दिसेना, म्हणून मी थांबले. पाय तिने मागे घेतला नाही.