एव्दोकियाच्या बशा

एव्दोकियाच्या खाणावळीत आज खायला काय आहे, असं ग्रीसमधल्या आमच्या वोलोस बंदरात कुणी विचारत नाही. खुर्ची ओढायची आणि त्सिपुरो मागायची. द्राक्षांची ती कडक दारू छोट्या बाटलीत येते आणि बरोबर खाण्याची बशी आपसूक येते. पहिल्या बाटलीला साधंसं, ऑलिव्ह नाहीतर खारवलेली मासळी. पुढच्या बाटल्यांना त्याहून सरस. शेवटपर्यंत टिकेल त्याला निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस. कुणाला कधी काय पाठवायचं हे एव्दोकिया ठरवते. नवरा थ्रासोस बाहेर बाटल्या मांडतो. आत त्याला चमचा हलवायची मुभा नाही.

बंदराच्या रस्त्यावर तिच्या शेजारीच माझी टपरी आहे. बसची तिकिटं मी विकते, त्यामुळे पाहुणे आधी माझ्याकडे येतात. मी सगळ्यांना तेच सांगते. तिकीट चढायच्या आधी घ्या, आत गेल्यावर यंत्रात घालून त्यावर शिक्का मारा. दुपारी लोक झोपतात, तेव्हा कुणाचं दार वाजवू नका. आणि शेजारी बसलात तर खायला मागू नका, येईल ते खा. ते माना डोलावतात, शेजारी जाऊन बसतात आणि मेनू कार्ड मागतात.

गेल्या आठवड्यात अशाच एका जोडप्याने बशी परत पाठवली. ‘आम्ही हे मागवलं नव्हतं.’ एव्दोकिया ती बशी हातात घेऊन बाहेर आली. तळलेल्या माशांना बोटही लागलं नव्हतं. तोवर ते दोघे पैसे ठेवून पलीकडच्या, मेनूवर फोटो असलेल्या हॉटेलात शिरले होते.

“आई, त्यांना वाटतं आपण न मागितलेल्याचे पैसे लावू,” तिची मुलगी रोदान्थी म्हणाली. अथेन्सची नोकरी गेल्यापासून ती दुकानात होती.

“मग सांग त्यांना, बशी बाटलीबरोबरच असते.”

“किती जणांना सांगू? घसा बसला माझा. आपण कार्ड ठेवू या.”

“ठेव. दवाखान्यासारखा नंबरही दे एकेकाला. नाव पुकारलं की गिळायला या म्हणावं.”

“अगं, थोडं तिचंही ऐक,” थ्रासोस म्हणाला.

“तू बाटल्या बघ!” मग मुलीकडे वळून ती म्हणाली, “ठेव तुझं कार्ड. पण आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांनी त्याला हात लावला, तर यापुढे सांगशील ते मुकाट्याने रांधीन.”

सोमवारी टेबलांवर कार्डं आली. वर वांगी-खिम्याच्या मुसाक्याचा रंगीत फोटो.

“हा कुणाच्या घरचा?” एव्दोकियाने विचारलं. “मी जन्मात इथे मुसाका केलेला नाही.”

“फोटो विकत मिळतात, आई.”

“मग जेवणही तिथूनच आण!”

दुपारी अपोस्तोलिस आला. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, आमच्यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एव्दोकिया मुद्दाम दारात येऊन उभी राहिली. आता हा कार्ड भिरकावणार, अशा थाटात. मीही टपरीतून मान बाहेर काढली.

अपोस्तोलिसने चष्मा लावला. कार्ड उलटंसुलटं करून सावकाश वाचलं.

“रोदान्थी, पोरी, एक बाटली. आणि ऑक्टोपस.”

“पहिल्या बाटलीला?” एव्दोकिया ओरडली. “डोकं फिरलंय का तुझं?”

“डॉक्टरने दोन बाटल्यांच्या पुढे बंदी केलीय. ऑक्टोपसची पाळी येईस्तोवर मी उठलेला असतो. दोन वर्षं झाली, तुझी खारी मासळी चघळतोय.”

“मग तोंड शिवलं होतं का? सांगायचं होतंस!”

“तुला?” तो हसला. “थ्रासोस, तू सांगतोस हिला काही?”

थ्रासोस बाटलीचं बूच पुसत राहिला. रोदान्थीने वहीत लिहून घेतलं. आईकडे बघायचं तिने टाळलं.

एव्दोकिया आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मग निखाऱ्यांचा वास आला आणि ऑक्टोपस बाहेर आला, चांगला मोठा तुकडा, वर लिंबू. अपोस्तोलिसने डोळे मिटून पहिला घास घेतला.

थोड्या वेळाने ती मागच्या दाराने माझ्या टपरीशी आली. हात पिठाने माखलेले.

“सगळ्यात चांगलं आधीच खाऊन बसला,” ती म्हणाली. “आता दुसऱ्या बाटलीला मी त्याला काय पाठवू?”

“कार्ड बघ,” मी म्हटलं.

माझ्याशी ती अजून बोलत नाही.