भिवाजीमामांचा चौरंगी सामना

जवळा बाजारचे माझे भिवाजीमामा सत्तरीला टेकले तरी त्यांची एक हौस फिटायची होती: आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या जळबाला हरवायचं. दोघेही भीमगीतांच्या आपापल्या गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. वीस वर्षांपूर्वी दोघांच्या पार्ट्यांचा सवाल-जवाबाचा दुरंगी सामना झाला, निकाल काही लागला नाही आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे की-बोर्ड आला आणि दोन्ही व्हायोलिनं पेटीत गेली. तो की-बोर्ड वाजवणारा पापी मीच.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या महिनाभर आधीच मामांची नात आकांक्षा नागपूरहून भलतंच खूळ घेऊन आली. ती तिकडे व्हायोलिन शिकते. तीनशे वर्षांपूर्वीची कुणा इटालियन माणसाची रचना, आणि तिला म्हणे चार व्हायोलिनं लागतात! एक ती, दुसरी तिची मैत्रीण निलम. उरलेले दोघे कोण, हे वेगळं सांगायला नको. बाकी सगळ्या वाद्यांचा ताफा म्हणजे मी एकटा.

"एकाची ओळ दुसऱ्यानं उचलायची, आबा," आकांक्षा समजावत होती.

"म्हंजे सामनाच की!" मामांचे डोळे चमकले. "चौरंगी!"

"सामना नाही हो. सगळ्यांनी मिळून वाजवायचं."

"व्हय व्हय, मिळूनच. पर जितंल कोण?"

मोबाइलवर ऐकून ऐकून दोघांनी आपापला भाग पाठ केला. तालमीत जळबाने जरा वेग घेतला की मामा दुप्पट पळायचे. हातभर अंतरावर बसून "त्याला सांग, सूर चढून राहिला" असे निरोप माझ्यामार्फत जायचे. आकांक्षा कपाळाला हात लावायची आणि मला हसू आवरायचं नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोर मांडव भरला. मुली उभ्या, हे दोघे मांडी घालून, व्हायोलिन छातीशी. शेवटचा जलद भाग आला आणि मामा जे सुटले! शिट्ट्या काय, टाळ्या काय! मी मागून धापा टाकत होतो. आता जळबा गेलाच, असं वाटत असताना मामांचा गज एकाएकी हवेत थांबला. घाईघाईत पुढची ओळ ते साफ विसरले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

जळबाने मामांची ओळ तिथल्या तिथे उचलली. सामन्यात उत्तर द्यायचं तर समोरच्याचं सगळं पाठ हवं, ही त्या दोघांची जुनी रीत. पण शेवटच्या सुराला त्याने मामांचा खास झोकाही दिला. तो मामांनी तालमीत एकदाही दिला नव्हता, तो त्या जुन्या सामन्यातला होता. वीस वर्षं या माणसाने तो जपून ठेवला होता!

मामा बघतच राहिले. मग त्यांनी माझ्यासमोरचा माइक ओढला.

"जितला! जळबा जितला!" हसतायत की रडतायत, कळेना.

"आबा, वाजवा!" आकांक्षा किंचाळली.

जळबाचा गज थांबला नाही. मान वळवून तो मामांवरच ओरडला, "आरं भिवा, काहून बोलून राहिला? फुडची ओळ तुझी हाय, धर!"