कोपर आणि मनगट

“माझा हात धरू नका, तुमचा मला धरू द्या,” असं ती एकदा म्हणाली, आणि महिला मंडळाला आपला एक नियम बदलावा लागला.

ती जन्मापासून आंधळी. वेताच्या खुर्च्या विणायची, म्हणून सगळे तिला खुर्चीमावशी म्हणत. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान होतं: एक खोली, पाण्याच्या टबात भिजत घातलेले वेत आणि बैठक नसलेल्या खुर्च्यांचे सांगाडे. त्या सांगाड्यांत अंधार बसल्यासारखा वाटे. ती म्हणे, मला तर तिथे गिऱ्हाईक बसलेलं दिसतं. झिजलेल्या विणीवर बोटं फिरवून ती माणूस ओळखायची. पोस्टमास्तर सगळा भार डाव्या कुल्ल्यावर टाकतात, ही बातमी गल्लीला तिनेच दिली होती.

तिला न्यायला-आणायला थोरला भाऊ येई. लहानपणी आईने त्याला बजावलं होतं, हिचा हात सोडू नकोस. त्याने तो सोडलाच नाही. धरण्याचं आवळणं झालं, आवळण्याचं पिरगाळणं. तिच्या मनगटावर बांगडीसारखा काळानिळा वळ असे.

मंडळात दर गुरुवारी दुपारी घरातल्या मारहाणीबद्दल बायका बोलत. अपंग बायकांनाही बोलवायचं ठरलं, तेव्हा मंडळाच्या ताईंनी चांगल्या मनाने नियम केला, की त्यांनी सोबत घरचं माणूस आणावं. मावशीबरोबर दादा आला. काही त्रास आहे का, असं ताईंनी विचारलं, तर दादाच म्हणाला, हिला कसला त्रास, राणीसारखी राहते. शेजारी बहिरी शिंपीण होती. तिच्या वतीने सासू बोलली. वहीत दोघींच्या नावापुढे ‘तक्रार नाही’ असं लिहिलं गेलं.

दोन दिवसांनी ताई एक फाटकी खुर्ची घेऊन दुकानात आल्या. मावशीने त्यांना डोळे मिटायला लावले, वेत ओढून राकट झालेल्या बोटांनी त्यांचं मनगट पकडलं आणि खोलीभर फिरवलं. ताई एका सांगाड्यावर आदळल्या, एक पाय टबात गेला.

“काही त्रास आहे का, ताई?” मावशीने विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं, “छे, राणीसारखी आहे.”

ताई खो खो हसल्या. मग एकदम थांबल्या. मनगट अजून सुटलं नव्हतं.

ते सोडताना मावशी ते हात धरण्याचं, सुरुवातीचं वाक्य बोलली.

पुढच्या गुरुवारी घरच्या माणसांची सोय बाहेर व्हरांड्यात झाली, चहासकट. व्हरांड्यातल्या खुर्च्या मावशीने विणायला म्हणून उसवून ठेवल्या होत्या, त्यामुळे दादा आणि सासू उभ्यानेच चहा प्यायले. आत शिंपिणीने हातवारे करून सगळं सांगितलं. सासूच्या चालण्याची नक्कल तिने अशी केली, की ताईंनी ती मावशीला शब्दांत सांगितल्यावर मावशीला हसून ठसका लागला. मग बायकांनी डोळ्यांना फडकी बांधली आणि एकमेकींची कोपरं धरून त्या चालायला शिकल्या. दोघी कपाटाला धडकल्या, एक थेट टेबलाखाली गेली. जिला घरी भीती वाटते तिच्याबरोबर दोघींनी घरापर्यंत जायचं, सकाळी पुन्हा डोकावायचं, असंही ठरलं.

शेवटी मावशी म्हणाली, “आज मला मनगट द्यायचं नाही. पण दादासमोर जीभ उचलेल का, ते माहीत नाही.”

बैठक सुटली. दादा दारात येऊन उभा राहिला. “चल, हात दे.”

खोलीतलं हसू विझलं. दादाच्या श्वासावरून मावशीला पुढचं सगळं कळे. तो श्वास आता आखूड झाला होता. ताई काही बोलणार होत्या, मावशीने मान हलवून त्यांना थांबवलं. उजव्या हातात तिने काठी घेतली. डाव्या हाताने चाचपत शिंपिणीचं कोपर शोधलं. शिंपिणीने ते आधीच पुढे करून ठेवलं होतं. ताई मावशीच्या दुसऱ्या बाजूला चालू लागल्या.

दादाचा हात तसाच पुढे राहिला. त्याच्या बाजूने, काठी टकटकवत, मावशी एक शब्दही न बोलता बाहेर उन्हात गेली.