वदीअची गाडी आणि काच धुण्याचं पाणी

तर काल आपण सोडलं तेव्हा वदीअची गाडी अंगणात मागचा डावा पाय दुमडून बसली होती, आणि वदीअ चाकाशी बर्फात पोटावर पडून बायकोच्या हेअर ड्रायरने तिला शेक देत होता. रविवारची सकाळ, अंगात ठेवणीतला कोट, कोटाखाली दोन स्वेटर, आणि खिडकीतून ओढून आणलेली वायर. जनरेटरचं कनेक्शन पाच अँपिअरचं. ड्रायर लावला की घरातली भट्टी बंद पडे आणि भट्टी लावली की ड्रायर. आत बायकोचा, अफीफाचा, खिमा-दलियाचा किब्बे अर्धा कच्चा राहिला होता आणि बाहेर गाडी अर्धी बसलेली. अफीफाने खिडकीतून विचारलं, की आज आधी काय शिजवायचं ते एकदा ठरवून सांगा.

गाडी साधीसुधी नव्हे. बैरूतच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली, सतरा वर्षांची, काळीभोर आलिशान जीप. आत कातडी खुर्च्या, त्याही बूड गरम करणाऱ्या. खाली लोखंडी स्प्रिंग नाहीत. चार चाकांवर चार रबरी फुगे, त्यांत हवा, आणि त्या हवेवर गाडी तरंगते. निदान उन्हाळ्यात तरंगते. थंडी पडली की कुठलीशी झडप गोठते, एका फुग्यातली हवा जाते आणि हट्टी खेचर बसावं तशी गाडी त्या कोपऱ्यात बसते. विकताना डॉक्टर एवढंच म्हणाला होता की ही फार नाजूक मनाची आहे. वदीअला ती स्तुती वाटली.

वदीअ ऐन तन्नूरा या डोंगरातल्या गावचा सफरचंदवाला. चाळीस वर्षं झाडं छाटण्यात गेली, पण गाडी आली आणि झाडं मागे पडली. रस्त्यात कुणी हवापाण्याचं विचारलं तरी दोन वाक्यांत वदीअ गाडीवर येई. जगात असा चढ नाही जो ती चढत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. हे सांगत असताना गाडी बहुधा खाली शहरात वार्तान मिस्त्रीकडे असे.

वार्तान आर्मेनियन. हात सोन्याचे, बोलताना मात्र बाईचा बुवा करायचा. तो गाडीला कॉम्प्युटरची वायर जोडायचा, बराच वेळ पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "गाडी म्हणतो त्याला काय नाय झाला. पण गाडी खोटा बोलतो." मग चाकाखाली शिरून दिवसभर आतच. एकदा समोरच्या पट्टीवर अकरा दिवे एकदम लागले. वदीअ घाबरून त्याच्याकडे गेला, तर वार्तानने दिवे मोजून सांगितलं की चिंता नको, बारावा लागला असता तर गाडी चालला नसता.

पण आजचा रविवार दिव्यांचा नव्हता. वदीअच्या बहिणीचा, सलीमाचा, मुलगा नदीम. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला, त्यामुळे मुलगी मागायला घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मामानेच जायचं. मुलगी जुमाना, घाटापलीकडच्या देर कुस्ब्याची, शाळेत गणित शिकवणारी. दोघांचं तीन वर्षांपासून पक्कं होतं, फक्त बापाला विचारायचं बाकी होतं. पहिल्या रविवारी बर्फाने घाट बंद. दुसऱ्या रविवारी घाट उघडा, पण काच धुवायचं पाणीच टाकीत गोठलं. पुढच्या गाड्यांनी उडवलेला मिठाचा चिखल काचेवर बसला, आणि दिसेना म्हणून मंडळी अर्ध्या वाटेतून परत. आता हा तिसरा. उद्या सोमवारपासून ईस्टरचे उपास लागणार, उपासात मागण्या होत नाहीत, आणि दहा दिवसांनी नदीम दोन वर्षांसाठी परदेशी, आबीजानला, नोकरीवर चाललेला. आज झालं तर झालं. सलीमाने भावाला स्पष्ट सांगितलं होतं की दादा, भाड्याची टॅक्सी करू या. वदीअने चार दिवस तिच्याशी अबोला धरला.

मुलीचा बाप अबू फारेस. तीस वर्षं वाहतूक पोलिसात हवालदार, आता निवृत्त. घाटातल्या निम्म्या अपघातांचे पंचनामे त्याच्या हातचे. त्याचं एकच म्हणणं होतं आणि ते दोन्ही गावांना पाठ होतं: ज्या घरात पेला आणि स्टिअरिंग एका हातात धरतात, त्या घरात माझी मुलगी जाणार नाही.

म्हणून वदीअने शुक्रवारीच वार्तानला फोन केला होता. वार्तान म्हणाला, काच धुवायच्या टाकीत ते निळं औषध घाल, त्यात स्पिरिट असतो, गोठत नाही. वदीअ निळ्या औषधासाठी तीन दुकानं फिरला. बर्फ पडल्यावर निळं औषध कुठे मिळतंय? शनिवारी दुपारी जेवताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्पिरिटच हवं ना? तळघरात घरच्या द्राक्षांची, बडीशेपेच्या वासाची, तीनदा गाळलेली दारू, म्हणजे अरक, होती. एवढी कडक की तिच्यापुढे गोठायची हिंमत बर्फालाच होणार नाही. त्याने एक अख्खी बरणी, डोळ्यांत पाणी आणून, टाकीत ओतली. टाकीत आधीचं अर्धं पाणी होतंच.

आता अरकेत पाणी पडलं की ती दुधासारखी पांढरी होते. पन्नास वर्षं रविवारच्या जेवणाला वदीअने हे स्वतःच्या पेल्यात पाहिलेलं. पण पेल्यातलं ज्ञान टाकीपर्यंत काही पोहोचलं नाही.

असो. अकराच्या सुमारास झडप वितळली आणि गाडी उठली, आधी मागून, मग पुढून, आणि वदीअने कोटावरचा बर्फ झटकत असं काही पाहिलं की जणू ती त्याच्या शब्दावरच उठली. पुढे गावचे पाद्री, म्हणजे अबूना, मांडीवर मिठाईचं ताट घेऊन. मागे सलीमा आणि नदीम. अफीफा कच्च्या किब्ब्यापाशी घरीच राहिली.

पहिल्या वळणावर एका ट्रकने काचेवर चिखल उडवला. वदीअने ऐटीत बटण दाबलं. काच पांढरीफटक झाली. त्याला वाटलं, बर्फ आला. पुन्हा दाबलं, आणखी पांढरी. अबूनांनी मिठाई एका हातात धरून दुसऱ्या हाताने क्रूसाची खूण केली. वायपर इकडून तिकडे ती सगळी साय पसरवत होते, आणि वदीअ खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता. तेवढ्यात हीटर काचेखालची हवा आत ओढू लागला. आधी नदीमने नाक वर केलं. मग सलीमा म्हणाली, "दादा, खरं सांग, टाकीत काय घातलंस?"

वदीअ म्हणाला, औषध. सलीमा म्हणाली, हे औषध आपले आजोबा रोज घेत असत.

खिडक्या उघडल्या तर बाहेर उणे सहा. बंद ठेवल्या तर माणसं मुरायला लागली. शेवटी गारठण्यापेक्षा मुरणं बरं म्हणून खिडक्या बंद. घाटमाथ्यावर पोलिसांचा अडसर होता; चाकांना साखळ्या नसलेल्या साध्या गाड्या तिथून परत पाठवत होते. तिथे मात्र वदीअचा एरवी मान असे, कारण चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला कुणी अडवत नाही. तरुण शिपायाने काच खाली करायला सांगितली, डोकं आत घातलं आणि नाक चोळत बाहेर काढलं. मग त्याने अबूनांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि विचारलं की चाललात कुठे. मुलगी मागायला, देर कुस्ब्याला, अबू फारेसकडे, असं वदीअने अभिमानाने सांगितलं. शिपाई म्हणाला, उतारावर जपून जा काका, बेत आधीच साजरा झालेला दिसतोय. अबूना सोबत आहेत म्हणून सोडतो. आणि गाडी वळणाआड जाताच त्याने फोन उचलला. कारण तो अबू फारेसच्याच हाताखाली शिकलेला.

त्यामुळे मंडळी पोहोचली तेव्हा अबू फारेस दारातच उभा होता, हात पाठीमागे, निवृत्तीआधी उभा राहायचा तसा. आत नेलं, शेगडीजवळ बसवलं. उबेने कोटांमधून बडीशेप अशी काही उठली की घरातलं मांजर शिंकून बाहेर गेलं. जुमानाने कॉफी आणली. रीत अशी, की मुलाकडच्या वडीलधाऱ्याने कप समोर ठेवायचा आणि होकार मिळेपर्यंत ओठाला लावायचा नाही. वदीअने कप ठेवला, घसा खाकरला आणि पाठ केलेलं बोलू लागला, की आम्ही आपल्या दारी मानाने आलो आहोत. अबू फारेसने हात वर करून त्याला थांबवलं आणि फरशीवरची रेघ दाखवली. म्हणाला, त्या रेघेवरून खिडकीपर्यंत चालून दाखवा.

वदीअ उठला. बुटाला घाटातला बर्फ चिकटलेला, फरशी घासूनपुसून आरशासारखी. तीन पावलं तो राजासारखा चालला. चौथ्या पावलाला बूट एकीकडे गेला आणि वदीअ दुसरीकडे, आणि आधारासाठी हाताला जे लागलं ते मिठाईचं ताट होतं. अबूनांच्या काळ्या झग्यावर पिस्त्याच्या वड्या पसरल्या. अबू फारेसने नुसती मान हलवली, पंचनाम्यात खूण करावी तशी.

मग नदीमची पाळी. फुंक, म्हणाला. नदीम घाबरून सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हता, त्याच्या तोंडाला कसला वास येणार? पण केसांना, मफलरला, भुवयांना सुद्धा अरक. अबू फारेस मागे सरकून बसला. म्हणाला, पोरगं चांगलं असेल, पण घर मला कळलं. कॉफी थंड होतेय, घेऊन टाका.

कॉफी घेऊन टाका म्हणजे उठा. सलीमाच्या हातातला रुमाल पिळला गेला. नदीम फरशीकडे बघत बसला. आणि ज्याला गप्प करायला आजवर अख्खं गाव लागायचं, त्या वदीअने कपाकडे हात नेला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जुमाना म्हणाली, "बाबा, माणसांचं फुंकून झालं असेल तर आता गाडीलाही फुंकायला सांगा. मी मघाशी सलीमामावशींची शाल आणायला गाडीत गेले होते. वास तिकडेच जास्त आहे."

सगळे अंगणात आले. गाडी तोवर पुढून बसली होती, जणू तीही माफी मागत होती. वदीअने बटण दाबलं. फवाऱ्याने दोन उचक्या दिल्या आणि काचेवर पांढरी धार सोडली. अबू फारेसने हातमोजा काढला, बोट काचेवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटून ती चाखली. मग हळूच म्हणाला, तीनदा गाळलेली.

त्याची बायको मागे उभी होती. तिने शांतपणे विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं. अबू फारेस खोकला, आणि खोकता खोकता हातमोजा पुन्हा घातला.

मग तो वदीअकडे वळला. चेहरा सैल झाला होता, पण आवाज अजून हवालदाराचाच. म्हणाला, पिणाऱ्याने हिचा एक थेंब काचेवर घालवला नसता, तेव्हा तुम्ही पिऊन आला नाहीत हे मी मानतो. पण मग दुसरी काळजी लागली. "एवढी चांगली अरक गाडीच्या टाकीत ओतणाऱ्या माणसाच्या घरात मी मुलगी कशी देऊ, वदीअ? उद्या तिच्या संसारात काय काय ओताल?"

नदीमने मामाकडे पाहिलं. सलीमाने पाहिलं. अबूना झग्यावरची वडी उचलता उचलता थांबले. वदीअने आपल्या काळ्याभोर गाडीकडे पाहिलं, तिच्या टेकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, टोपी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल खरं बोलला.

"अबू फारेस, मुलगी माझ्या घरात येत नाहीये, माझ्या बहिणीच्या घरात येतेय. ते वरच्या आळीत आहे, मधे मोठा चढ आहे, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत माझी ही गाडी तो चढत नाही."