कापणीनंतरची वाट

सायकलच्या मागच्या चाकाला शॉकअप असावा की नसावा, यावर माझं आणि भाऊसाहेबांचं दोन वर्षं भांडण चाललं होतं. भाऊसाहेब म्हणजे जव्हारच्या एका सरकारी कचेरीतले क्लार्क. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीपायी इकडे आलेले. मी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गणित शिकवतो आणि माझं घर खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, भात-नागली पिकवणारं. आम्ही दोघेही पंचेचाळिशीच्या अल्याड-पल्याड. डॉक्टरांनी दोघांनाही रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही सायकली घेतल्या. त्यांची पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, माझी नुसती पुढे.

माझं म्हणणं असं, की मागचा शॉकअप ही निव्वळ चैन आहे. चढावर तो पायातली निम्मी ताकद खाऊन टाकतो, आणि आमच्याकडे सपाट रस्ता म्हणजे दोन चढांच्या मधला दम खाण्यापुरता तुकडा. भाऊसाहेब म्हणायचे, "गुरुजी, चढ काय, उतरून ढकलत पण चढता येतो. उतारावर कंबर कोणाची जाते ते बोला." कंबर माझी जायची. दर रविवारी संध्याकाळी बायको पाठीला तेल लावताना जे काही बोलायची त्यावरून भाऊसाहेबांचं बरोबर होतं हे उघड होतं, पण मी ते त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

टायरच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं. आधी माझ्या चाकांत साध्या ट्यूबा होत्या. आमच्या भागात पायवाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या, आणि गुरं शिरू नयेत म्हणून लोक शेताच्या तोंडाशी काटेरी फांद्या तोडून टाकतात. एका रविवारी सूर्यमाळच्या वाटेवर माझी तीन पंक्चर झाली. तिसऱ्याला मी सायकल झाडाला टेकवली आणि तिला उद्देशून वर्गात कधी वापरत नाही असे शब्द वापरले. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "सायकलनं काय केलंय?" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः माझी चाकं ट्यूबलेस करून दिली. आत एक पांढरं, चिकासारखं औषध ओतायचं. काटा घुसला की ते भोकाशी येऊन सुकतं आणि हवा जागच्या जागी राहते. मग आम्ही हवाही कमी ठेवायला लागलो, कारण टणक चाक मुरमावर उडतं आणि मऊ चाक धरून ठेवतं. हे सगळं मला त्यांनी शिकवलं. सामानाचं त्यांना वेडच होतं. सायकलच्या दप्तरात ते चेन तोडायचं हत्यार, जादा कडी, ब्रेकच्या पट्ट्या, सगळं वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून नेत. मी पाण्याची बाटली आणि भाकरी नेत असे.

ऑफ-रोड शर्यतीत उतरायची कल्पनाही त्यांचीच. खोडाळ्याच्या बाजाराच्या मैदानातून निघायचं, जंगलवाटेनं सूर्यमाळला चढायचं आणि दुसऱ्या बाजूनं वळसा घालून परत यायचं. शहरातून पोरं येतात, त्यांच्या सायकली पाहिल्या तरी आम्हाला घाम फुटतो. ती जिंकणारच. आमच्यासारख्यांची शर्यत सूर्यमाळला वेळ नोंदवायला मांडलेल्या टेबलाशी असते. साडेनऊच्या आत तिथं पोचलात तर पुढे सोडतात, नाहीतर तिथंच नंबर काढून घेतात आणि टेम्पोत घालून खाली आणतात. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मेडल, पहिला असो नाहीतर शेवटचा. आदल्या वर्षी आम्ही दोघेही टेम्पोतून आलो होतो. खाली बाजारात उतरताना माझ्या ओळखीच्या एका भाजीवालीनं विचारलं, "मास्तर, सायकल मोडली का?" मी हो म्हणालो. तेवढीच लाज कमी.

या खेपेला भाऊसाहेबांची ती शेवटची संधी होती. त्यांचा बदलीचा अर्ज मंजूर व्हायच्या बेतात होता. गावाकडे आई एकटी होती, मार्चनंतर ते इथं नसणार हे नक्की होतं. त्यांनी मेडलसाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. मी चेष्टा केली तर म्हणाले, "साताऱ्याला नेऊन टांगेन. विचारलं कोणी तर सांगायला पाहिजे ना, तिकडे इतकी वर्षं काय करत होतो."

शर्यत डिसेंबरात, एका रविवारी. सात वाजता सुटलो. पहिला तासभर सगळं बेताबेतानं चाललं होतं. भाऊसाहेब पुढे, मी त्यांच्या चाकाला चिकटून. मग एका उभ्या चढावर मी गियर बदलला तो जोर न सोडताच. जोर लावलेला असताना गियर बदलायचा नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. कट्‌ असा आवाज आला आणि चेन तुटून खाली पडली.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

"तुम्हाला जमणार नाही," असं म्हणून त्यांनी सायकल आडवी टाकली.

मला जमलं नसतं हे खरंच होतं. त्यांनी तुटलेला तुकडा काढला, स्वतःजवळची कडी घालून चेन जोडली, पेडल उलटं फिरवून पाहिलं आणि काळे हात गवताला पुसले. यात सहा मिनिटं गेली. मागचे आठ-दहा जण आम्हाला ओलांडून गेले.

पुढचा चढ माझा होता. लहानपणापासून चढलेला. हलक्या सायकलीचा फायदा मी तिथं वसूल केला आणि भाऊसाहेब मागे पडले. वर पोचल्यावर सपाटीवरची भातखाचरं लागली आणि पलीकडे शाळेपाशी मांडलेलं टेबल दिसायला लागलं. घड्याळ पाहायची हिंमत नव्हती. मान खाली घालून मी धसकटांवरून तिरपी सायकल घातली. चाकाखाली कापलेल्या भाताचे खुंट करकरत होते. टेबलाशी पोचलो तेव्हा तिथल्या माणसानं माझा नंबर लिहिला आणि म्हणाला, "नऊ अठ्ठावीस. चला सर, पाणी घ्या आणि निघा."

मी पाणी प्यालो आणि निघालो. मागे वळून पाहिलं नाही. उतारावर कंबर गेली ती गेलीच, पण शेवटून चौथा का होईना, मी मैदानात पोचलो. गळ्यात मेडल पडलं. भाजीवालीनं हातातला तराजू ठेवून टाळ्या वाजवल्या आणि मला खरोखर रडू आलं.

भाऊसाहेब टेम्पोतून माझ्याआधीच आलेले होते. वरच्या टेबलाशी नऊ बत्तीसला पोचले होते म्हणे. त्यांनी माझी पाठ थोपटली, मेडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि चहा प्यायला नेलं. टपरीवर बसल्यावर म्हणाले, "तो शेवटचा बांध फार वाईट होता. हातभर रुंद, त्यात वळणं. मी तीनदा पाय टेकला. तुम्ही कसं काय निभावलंत?"

कोणता बांध, असं मी विचारणार होतो. आणि तोंड उघडायच्या आत मला समजलं.

आमच्याकडे वाटा ऋतूप्रमाणे बदलतात. भात उभं असतं तेव्हा माणसं खाचरांच्या कडेनं, बांधावरून लांबचा फेरा घेऊन जातात. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, की बांध सुटतो आणि खाचरातून तिरपी पायवाट पडते. त्यासाठी कोणी कोणाची परवानगी घेत नाही, कोणी कोणाला सांगत नाही. दिवाळीनंतर पायच तसे वळतात. शर्यतवाल्यांनी मार्ग आखला तो भाद्रपदात, पीक उभं असताना. त्यामुळे त्यांच्या नकाशात बांध होता आणि डिसेंबरातही त्यांनी चुन्याचे बाण बांधावरच काढले होते. मी बाण पाहिलाच नव्हता. मी घरी जावं तसा गेलो होतो. तीन मिनिटं तरी वाचली असणार.

"हो," मी म्हणालो. "वाईटच आहे तो बांध."

भाऊसाहेबांनी चहा संपवला. मग ते ब्रेकच्या पट्ट्यांबद्दल बोलायला लागले.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. मुख्याध्यापकांनी परिपाठाला माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, दोनशे मुलांच्या टाळ्या. फोटो काढायला भाऊसाहेबांना बोलावलं होतं, कारण चांगला मोबाईल त्यांच्याकडे. ते म्हणाले, "गुरुजी, जरा हसा." मी हसलो. तो फोटो स्टाफरूममध्ये लागला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो.

एका रविवारी मी एकटाच वर जाऊन ती जागा पाहून आलो. बाण होता. दवानं फिकटलेला, पण चांगला हातभर लांब, बांधाच्या तोंडाशी. ज्याचं शेत तो म्हातारा बाजूच्या खळ्यावर पेंढा रचत होता. मला लहानपणापासून ओळखणारा. मी त्याला विचारलं, शर्यतीच्या दिवशी सगळे बांधावरनं गेले का?

"शहरातली गेली ना," तो म्हणाला. "पडत होती, उठत होती. भात कापल्यावर बांधानं कोण जातं रं? विंचू जातो. तू बेस गेलास, नीट."

त्यानं मला पाहिलं होतं आणि त्याच्या लेखी मी शहाणा ठरलो होतो. मला काही बरं वाटलं नाही. खाली येऊन मी शर्यतवाल्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडच्या माणसानं ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, तिथले बरेच लोक तसेच आले. चूक आमचीच, फीत बांधायला पाहिजे होती. निकाल लागलाय, आता राहू द्या." मी निकालातून माझं नाव काढा म्हणालो, तर तो हसला आणि पुढच्या वर्षी नक्की या म्हणाला. मला राग आला. शिक्षा मागितली तर तीसुद्धा धड मिळेना.

मग उरले भाऊसाहेब. त्यांच्याकडे जायला मी आणखी दोन आठवडे लावले. आधी परीक्षा होत्या, मग पेपर होते, मग सर्दी होती. शेवटी फेब्रुवारीत त्यांच्या बदलीचा कागद आला, तेव्हा गेलो. जव्हारच्या त्यांच्या खोलीपुढच्या ओट्यावर ते सायकल उलटी करून बसले होते, मागचं चाक काढायच्या खटपटीत. दारातून आतल्या भिंतीवरचा रिकामा खिळा दिसत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बांधावरून मी गेलोच नव्हतो, खाचरातून गेलो. बाण दिसला नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी मागंच होतो की. मिनिटभर मागं असेन. तुम्ही तिरपे निघालात ते चढाच्या टोकावरून स्वच्छ दिसलं."

मी गणिताचा मास्तर. अठ्ठावीस आणि एक, एकोणतीस. माझ्यामागून तसेच आले असते तर ते वेळेत होते.

"मग तुम्ही का नाही आलात त्या वाटेनं?"

"मला बाण दिसला होता गुरुजी. दिसल्यावर कसं जाणार?"

"निदान हाक तरी मारायची."

"मारणार होतो. पण हाक मारली असती तर तुम्ही परत फिरला असता. तुमचा स्वभाव ठाऊक आहे मला. मग दोघंही टेम्पोत बसलो असतो. म्हटलं, एक तरी जाऊ दे पुढं. तुम्हाला बाण दिसला नाही हे कळत होतं, त्यात काय एवढं." त्यांनी चाकाचा नट सैल केला. पान्हा खाली ठेवला. "चहाच्या टपरीवर तो विषय मी मुद्दाम काढला होता. म्हटलं, तुम्ही सांगाल, मग दोघं हसू. तर तुम्ही हो म्हणालात."

शर्यतीत मी लबाडी केली नव्हती. ती मी चहा पिताना केली, आणि ज्यानं माझ्यासाठी आपली सहा मिनिटं घालवली त्याच्या तोंडावर केली. इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही तसं दाखवलं नव्हतं. रविवारी नेहमीसारखे आले, माझी हवा तपासली, माझा फोटोसुद्धा काढला. मी माफी मागितली. ती ऐकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"ते मेडलबिडल राहू द्या हो," ते म्हणाले. "त्या दिवसापासून मात्र तुम्ही काही सांगितलंत, की खरं असेल ना, असं एकदा मनात येतंच. मला ते नको वाटतं, पण येतं."

मग त्यांनी मला चाक धरायला सांगितलं, आणि मी ते धरून उभा राहिलो.