साहेब, डिस्क रिकामी नाही

आमच्या ऑफिसात माणसं तीन आणि कॉम्प्युटर एक. एवढ्यात किस्से ते किती होणार, असं कुणालाही वाटेल. पण ज्या ऑफिसात प्रत्येकाला सगळंच कळतं, तिथं किस्से धुळीसारखे साचतात, अधूनमधून झाडावे लागतात. मी हे हसत सांगेन. राग मात्र अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काम तसं सोपं. आदिलाबादला आमच्या साहेबांनी रेशनकार्डांसाठी गावोगावच्या कुटुंबांच्या याद्या टाईप करून द्यायचं कंत्राट घेतलं होतं. हातानं भरलेले फॉर्म वाचून दाखवायचे नामदेवराव, आमचे भीमपूरकडचे वयस्क कारकून. टाईप करायची मी. अकरा महिने दोघांनी मिळून चाळीस गावं टाकली. शनिवारी याद्या छापून द्यायच्या होत्या, नाहीतर या सगळ्या गावांची कार्डं अडणार होती.

आणि सोमवारी कॉम्प्युटर उडाला.

*

उडाला म्हणजे, त्याच्या मागच्या बाजूनं फाट्कन आवाज आला आणि धूर निघाला. मला दार आपटलं तरी धडकी भरते. मी खुर्चीसकट मागे पडले, उठले, आणि थेट रस्त्यावर.

थोड्या वेळानं नामदेवराव शांतपणे बाहेर आले. ‘‘ताई, मशीन गेली तं गेली. तुमी काऊन जाऊन राह्यल्या?’’

साहेब आले. त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘काय दाबलं होतं तुम्ही?’’

‘‘काही नाही साहेब, एक आडनाव टाईप करत होते.’’

‘‘कोणाचं?’’

जसं काही एखाद्या आडनावानं धूर निघतो.

*

हार्डडिस्क मात्र शाबूत होती. याद्या तिच्यातच होत्या. साहेबांनी निर्मलच्या आपल्या दुसऱ्या ऑफिसात नवंकोरं, रंगीत पडद्याचं मशीन घेतलं होतं. जुन्यातली डिस्क काढून त्यात लावायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी भीत भीत सांगितलं, ‘‘साहेब, आपला जुना युनिक्सवर चालायचा. नवा डॉसवर चालतो. एकानं लिहून ठेवलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही.’’

साहेब म्हणाले, ‘‘स्क्रू बसतात ना?’’

*

निर्मलच्या बसमध्ये नामदेवराव खिडकीशी बसले. ती डिस्क मी शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. खड्डा आला की छातीशी धरायची. नेरडीगोंड्याला एक बाई शेजारी येऊन बसली. तिनं दोनचार खड्डे पाहिले.

‘‘तोंड तं उघडं ठेव माय. जीव घुसमटंल लेकराचा.’’

मी शाल जराशी सैल केली.

‘‘किती महिन्याचं हाय?’’

‘‘अकरा,’’ मी म्हणाले.

खोटं नव्हतं. नामदेवराव निर्मल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

*

निर्मलला हैदराबादहून आलेला इंजिनिअर होता. त्यानं डिस्क जोडली, दोनचार बटणं दाबली आणि मान हलवली. ‘‘खाली है मॅडम. इसमें कुछ नहीं.’’

साहेब माझ्याकडे वळले. ‘‘अकरा महिने काय करत होता तुम्ही?’’

‘‘साहेब, सगळं आत आहे. या मशीनला ते दिसत नाही, एवढंच.’’

‘‘नवीन मशीन खोटं कशाला बोलेल?’’

मशीन पंधरा दिवसांचं. मी अकरा महिन्यांची. पण विश्वास कुणावर? मशीनवर!

नामदेवरावांना मात्र एका क्षणात कळलं. त्यांनी निजामाच्या वेळची उर्दू दफ्तरं वाचण्यात उमर घालवली होती. ते म्हणाले, ‘‘साहेब, जमिनीचा उतारा, उर्दूतली पहाणी, तेलुगूवाल्याच्या हातात द्या. त्याला काई वाचता नाई येणार. म्हून का जमीन नाई?’’

साहेबांनी विचारलं, ‘‘इथं जमिनीचा काय संबंध?’’

*

इंजिनिअर म्हणाला, डिस्क फॉर्मॅट करून देतो, नव्यासारखी होईल. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला, की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. करायचं की नाही?

आमच्याकडे एक रीत होती. शेवटचा एन्टर साहेबांचा. कागदावर त्यांची सही, तसा कॉम्प्युटरवर त्यांचा एन्टर. दुसऱ्या कुणी तो दाबायचा नाही. इंजिनिअरलाही ही रीत कळली होती. त्यानं होकाराचं अक्षर टाईप केलं आणि अदबीनं बाजूला सरकला. साहेब रुमालाला बोट पुसत पुढे आले.

‘‘साहेब, सगळं पुसलं जाईल म्हणतंय ते.’’

‘‘रिकामी आहे ना? मग पुसलं काय जाणार?’’

बोट खाली येत होतं. मी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. साहेबांचं बोट एन्टरवरच. वायर माझ्या हातात. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचीच भीती वाटली.

*

दुसऱ्या दिवशी मला मेमो. ‘मालकांच्या एन्टरमध्ये व्यत्यय आणल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. शनिवारपर्यंत नावं न दिसल्यास सोमवारपासून कामावर येऊ नये.’

मेमो टाईप करणारं ऑफिसात दुसरं कोण होतं? मीच केला. त्याच मशीनवर, त्याच वायरीवर.

*

खुलासा न लिहिता मी डिस्क पुन्हा शालीत गुंडाळून निर्मलमध्ये विचारत सुटले. एका कॉलेजात आमच्यासारखाच, युनिक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर निघाला. तिथल्या सरांनी शुक्रवारी दुपारी डिस्क लावली, आणि पडद्यावर नावं उतरू लागली. एकाखाली एक, गावामागून गाव. मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. सरांनी प्रिंटर सुरू केला. तो कर्रकर्र करत भीमपूरची यादी काढू लागला.

साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी पडदा पाहिला, कागद पाहिला, कॉम्प्युटरच्या मागे जाऊनही पाहून आले.

‘‘ही नावं या कॉलेजच्या मशीनमध्ये आधीपासून नसतील कशावरून?’’

नामदेवरावांनी प्रिंटरमधून लोंबणारा कागद हातात घेतला, बोट फिरवत एका ठिकाणी थांबले आणि साहेबांपुढे धरला.

‘‘हे पाहा. मी, माही बायको, दोन पोरं, दोन सुना, तीन नातू. माह्या घरच्या नऊ माणसायले या कॉलेजात कोण आणून घालंल साहेब?’’

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

‘‘नामदेवराव, घरी गेल्यावर एकदा विचारून घ्या, यातलं कुणी या कॉलेजात येऊन गेलं होतं का.’’